एमएसची इंजेक्शनं सुरू करताना: पहिल्या सुईपासून पुढच्या एमआरआयपर्यंत

‘रिलॅप्सिंग एमएस’, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचा अधूनमधून लक्षणांचे झटके (रिलॅप्स) येणारा प्रकार, असं निदान झालं, डॉक्टरांनी दोन-चार औषधांची नावं घेतली आणि त्यातलं एखादं इंजेक्शन घरी स्वतःच्या हाताने टोचायचं आहे असं कळलं, की त्यापुढचं बोलणं बहुतेकांच्या डोक्यात शिरतच नाही. हा लेख त्या न ऐकलेल्या भागासाठी आहे. मी स्वतः एमएससाठी बरीच वर्षं इंजेक्शनं घेते आहे, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. कोणतं औषध घ्यायचं हे तुमचे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. ते औषध हातात आल्यावर काय करायचं, हे इथे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अर्धी मंडळी इथेच अडखळतात. या औषधांचा फायदा अंगात जाणवत नाही. पायाचा बधिरपणा इंजेक्शनाने उतरत नाही, थकवा कमी होत नाही, अंधुक दिसत असेल तर ते स्पष्ट होत नाही. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. ही औषधं पुढचे हल्ले कमी करण्यासाठी असतात, आधी झालेली इजा भरून काढण्यासाठी नव्हे. रिलॅप्स आल्यावर तीन ते पाच दिवस देतात ती स्टिरॉइड्स वेगळी. त्यामुळे ‘सहा महिने टोचून घेतेय, काहीच फरक नाही’ हे वाक्य ऐकलं की मी विचारते, या सहा महिन्यांत नवं काही झालं का? झालं नसेल, तर औषध कदाचित आपलं काम चोख करत आहे.

तुमच्या हातात नेमकं कोणतं इंजेक्शन आहे?

घरी घ्यायच्या इंजेक्शनांचे ढोबळमानाने तीन गट आहेत, आणि कोणाचा सल्ला कोणत्या गटाबद्दल आहे हे पाहिल्याशिवाय तो घेऊ नका.

पहिला गट इंटरफेरॉन बीटाचा. 1993 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इंटरफेरॉन बीटा-1बी हे एमएसचा मार्ग बदलू पाहणारं पहिलं औषध. ते एक दिवसाआड त्वचेखाली घेतात. बीटा-1ए चे तीन प्रकार आहेत: अवोनेक्स आठवड्यातून एकदा स्नायूमध्ये, रेबिफ आठवड्यातून तीनदा त्वचेखाली, आणि प्लेग्रिडी चौदा दिवसांतून एकदा.

दुसरा गट म्हणजे ग्लॅटिरामर अ‍ॅसिटेट, कोपॅक्सोन या नावाने जास्त ओळखलं जाणारं. चार अमिनो आम्लांपासून बनवलेलं हे औषध इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टायटेलबॉम यांच्या संशोधनातून आलं. 20 मिलिग्रॅमचं रोज एक, किंवा 40 मिलिग्रॅमचं आठवड्यातून तीनदा, दोन इंजेक्शनांत किमान 48 तासांचं अंतर ठेवून. 40 चं एक म्हणजे 20 ची दोन असा हिशेब करून आपल्या मनाने अदलाबदल करायची नाही.

तिसरा गट नवा आहे. ऑफाटुमुमॅब, म्हणजे केसिम्प्टा. 2020 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशींवर काम करतं. सुरुवातीला तीन आठवडे दर आठवड्याला एक, मग एक आठवडा सोडून पुढे महिन्यातून एक. पहिल्या दोन गटांतली औषधं रिलॅप्सचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी करतात. ऑफाटुमुमॅबची तुलना टेरिफ्लुनोमाइड या गोळीशी झाली, तेव्हा ते घेणाऱ्यांत रिलॅप्स त्या गोळीच्या निम्म्याहूनही थोडे कमी आढळले. मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. संसर्गाचा धोका, आधीचे आजार, गरोदरपणाचा विचार, वय आणि आजाराचा जोर हे सगळं तोलूनच उत्तर मिळतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

नाटालिझुमॅब आणि ऑक्रेलिझुमॅब यांचीही त्वचेखालची रूपं आता आली आहेत, पण ती सहसा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या हातून घ्यायची असतात, म्हणून इथे त्यांच्यात शिरत नाही.

पहिल्या डोसाआधी

औषधाचा खोका घरी येण्याआधी काही तपासण्या व्हायला हव्यात. इंटरफेरॉनसाठी रक्तपेशींची मोजणी आणि यकृताच्या तपासण्या. थायरॉइडचा त्रास असेल तर तीही. ऑफाटुमुमॅबआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी अटळ आहे, कारण दबून बसलेला विषाणू या औषधामुळे पुन्हा डोकं वर काढू शकतो. रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनं, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिनं, तीही मोजतात. लसींचा विषय याच भेटीत काढा: ऑफाटुमुमॅब सुरू करायचं असेल तर जिवंत विषाणूंच्या लसी किमान चार आठवडे आधी आणि बाकीच्या शक्यतो दोन आठवडे आधी झालेल्या बऱ्या.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तीन गोष्टी तुम्ही होऊन सांगा. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल किंवा जीव नकोसा वाटला असेल, तर ते लपवू नका, कारण इंटरफेरॉनमध्ये मनःस्थिती ढासळू शकते आणि तुमच्याकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा; काही सुयांच्या टोपणात नैसर्गिक रबर असतं. आणि मूल हवं असेल, लगेच नाही तरी पुढे, तर तेही. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉन यांचा गरोदरपणातला अनुभव बऱ्याच वर्षांचा आहे. ऑफाटुमुमॅबच्या शेवटच्या डोसानंतर सहा महिने गर्भनिरोधन पाळायला सांगतात.

पहिलं इंजेक्शन नर्स किंवा डॉक्टरांसमोरच घ्या. त्यांनी टोचून दाखवण्यापेक्षा तुम्ही टोचा आणि त्यांना बघू द्या.

फ्रीजपासून सुईपर्यंत

बहुतेक प्रीफिल्ड (आधीच औषध भरलेल्या) सिरिंज आणि पेनं 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायची असतात. फ्रीजच्या दारात किंवा मागच्या थंडगार भिंतीला टेकवून नको. मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यातच. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. बीटा-1बी ची पावडर मात्र फ्रीजबाहेर ठेवता येते. ती टोचण्याआधी द्रावणात मिसळायची असते, आणि मिसळताना कुपी हलक्या हाताने गोल फिरवायची, खळखळ हलवायची नाही.

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी इंजेक्शन बाहेर काढा. ग्लॅटिरामरला वीस मिनिटं पुरतात, ऑफाटुमुमॅबला पंधरा ते तीस. ही पायरी घाईत सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि थंड औषध चरचरत आत गेलं की दोष सुईला जातो. गरम पाण्यात बुडवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून वेळ वाचवू नका. तेवढ्या वेळात मुदत पाहा, द्रव पाहा. गढूळ असेल, त्यात कण तरंगत असतील, तर ते इंजेक्शन बाजूला ठेवा आणि औषध देणाऱ्यांना कळवा. ग्लॅटिरामरच्या सिरिंजमध्ये छोटा बुडबुडा दिसला तर तो काढायला जाऊ नका. त्या नादात औषधच बाहेर येतं.

हात साबणाने धुवा. जागा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि ती पूर्ण वाळू द्या. फुंकर मारायची नाही. ओल्या अल्कोहोलवरून सुई आत गेली की जी आग होते, ती औषधाची नसते. सुईच्या टोकावर औषधाचा थेंब लटकत असेल तर तोही त्वचेला चुरचुरतो.

आता प्रत्यक्ष टोचणं. त्वचेखालच्या सिरिंजसाठी साधारणपणे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी हलकेच उचलायची, सुई सरळ काटकोनात एका दमात आत घालायची आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. बिचकत बिचकत घातलेली सुई जास्त दुखते. ऑटोइंजेक्टर, म्हणजे दाबल्यावर आपोआप टोचणारं पेन, असेल तर तो कातडीला काटकोनात टेकवून घट्ट दाबा आणि सूचनेत लिहिलेला आवाज किंवा खिडकीतला रंग दिसेपर्यंत उचलू नका. बऱ्याच पेनांत दोनदा ‘टक्’ असा आवाज येतो, आणि पहिल्या आवाजाला औषध फक्त सुरू झालेलं असतं. नवखी माणसं इथेच पेन उचलतात, आणि अर्धा डोस मांडीवर ओघळतो. असं झालंच तर लगेच दुसरं टोचू नका. नर्सला फोन करा.

सुई निघाल्यावर कोरडा कापूस काही सेकंद दाबून धरा. चोळायचं नाही. वापरलेली सुई टोपण परत न लावता थेट जाड झाकणाच्या डब्यात टाका, आणि भरलेल्या डब्याचं काय करायचं ते औषध देणाऱ्यांना विचारून ठेवा.

जागा बदलणं

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. सुईची भीती चार-सहा आठवड्यांत बरीचशी ओसरते. कातडीचे प्रश्न मात्र वर्षा-दोन वर्षांनी पुढे येतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

त्वचेखालच्या इंजेक्शनासाठी मांड्यांचा वरचा आणि बाहेरचा भाग, बेंबीभोवती दोन इंच सोडून पोट, कमरेखाली नितंबांचा वरचा भाग आणि दंडाची मागची बाजू, या जागा असतात. दंडाच्या मागे स्वतःचा हात धड पोचत नाही. तिथे दुसऱ्याने टोचलेलं बरं. ऑफाटुमुमॅब दंडात घ्यायचं तर दुसऱ्यानेच द्यायचं असतं. स्नायूतलं अवोनेक्स मांडीच्या बाहेरच्या भागात किंवा दंडाच्या वरच्या स्नायूत.

होतं काय, की एखादी जागा ‘चांगली’ निघते. उजवी मांडी, बाहेरच्या बाजूला, गुडघ्यापासून वीतभर वर. तिथे दुखत नाही, हात सहज जातो. मग नकळत दर वेळी तीच. काही महिन्यांनी तिथली कातडी बोटाला कडक लागते, मग आत गाठ जाणवते, किंवा उलट खळगा पडतो. ग्लॅटिरामरमध्ये असा खळगा पडणं, म्हणजे कातडीखालची चरबी विरघळून जाणं, ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, आणि तो खळगा बहुधा भरून येत नाही. इंटरफेरॉनमध्ये क्वचित कातडी काळी पडून जखम होते. ‘दुखत नाही’ ही जागा निवडायची खूण समजू नका. वारंवार टोचलेल्या, जाड झालेल्या कातडीची संवेदनाच कमी झालेली असू शकते.

यावर साधा उपाय आहे. कागदावर शरीराची पुढून आणि मागून बाह्यरेषा काढा, जागांना आकडे द्या आणि प्रत्येक इंजेक्शनानंतर तारीख लिहा. रोजचं इंजेक्शन असेल तर सात दिवसांना सात जागा वाटून टाका, म्हणजे एका भागावर आठवड्यातून एकदाच सुई येते. त्या भागातही दर वेळी थोडं सरकायचं. मोबाइलवर नोंद ठेवली तरी चालेल, पण आरशाशेजारी लावलेला कागद जास्त टिकतो असं मी पाहिलं आहे. महिन्यातून एकदा, इंजेक्शन नसलेल्या दिवशी, सगळ्या जागांवरून बोटं फिरवा. जिथे लाल, कडक, खोल किंवा हुळहुळी वाटेल, ती जागा तूर्त बाद आणि पुढच्या भेटीत दाखवायची. लाली आणि खाज एक-दोन दिवस राहणं नेहमीचं आहे. लाली पसरत चालली, पू आला, कातडीचा रंग बदलला, तर भेटीची वाट पाहू नका.

इंटरफेरॉनचे पहिले आठवडे

इंजेक्शनानंतर दोन ते आठ तासांत कणकण, थंडी, अंग मोडून येणं, डोकेदुखी. साधारण चोवीस तासांत हे उतरतं आणि बहुतेकांना पुढच्या काही महिन्यांत कमी होत जातं. म्हणूनच डोस एकदम पूर्ण देत नाहीत. बीटा-1बी पाव मात्रेपासून सुरू करून सुमारे सहा आठवड्यांत पूर्ण करतात. प्लेग्रिडीचे पहिले दोन डोस 63 आणि 94 मायक्रोग्रॅमचे आणि तिसऱ्यापासून 125. ही चढण आपल्या मनाने उरकायची नाही.

इंजेक्शन रात्री झोपण्याआधी घेतलं तर त्रासाचा बराच भाग झोपेत निघून जातो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधी आणि किती घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. यकृतावर आधीच भार असताना पॅरासिटामॉलची मात्रा वाढवत नेणं बरं नव्हे. दिवसभर पाणी नीट प्यायलेलं असेल तर फरक पडतो. आठवड्याचं इंजेक्शन असेल तर दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम नसेल असा वार निवडा.

या तापात जुनी लक्षणं उफाळून येऊ शकतात: पाय जड होतो, डोळ्यापुढे धूसर होतं. 1890 साली विल्हेल्म उटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी शरीर तापल्यावर दृष्टी तात्पुरती मंदावते हे नोंदवलं, त्यातलाच हा प्रकार. ताप उतरला की ही लक्षणंही ओसरतात. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून औषधच बंद करतो.

रक्ततपासण्या चुकवू नका. साधारण पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तशा. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, सतत मळमळ यांसाठी तारखेची वाट पाहायची नाही. मन सतत उदास राहत असेल तर तेही याच यादीत आहे. ‘आजारच असा आहे, वाईट वाटणारच’ असं म्हणून ते अंगावर काढू नका.

ग्लॅटिरामर घेताना अचानक धडधड झाली तर

ग्लॅटिरामरमध्ये ताप सहसा येत नाही, पण एक गोष्ट आधीच घरच्यांना सांगून ठेवावी लागते. इंजेक्शनानंतर काही क्षणांतच चेहरा लाल होणं, छाती आवळणं, धडधड, श्वास अडखळणं, जिवाची घालमेल. रोजच्या 20 मिलिग्रॅमच्या चाचण्यांत साधारण सहा-सात जणांत एकाला हे कधी ना कधी झालं होतं. बहुधा सुरुवातीला नव्हे, काही महिने सुरळीत गेल्यावर होतं, म्हणून जास्त हादरायला होतं. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत आपोआप ओसरतं.

अडचण अशी, की खरी तीव्र अ‍ॅलर्जी सुरुवातीला हुबेहूब अशीच दिसू शकते. ती दुर्मीळ आहे, पण जिवावर बेतू शकते, आणि वर्षानुवर्षं औषध घेतलेल्यांनाही होऊ शकते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या औषधाच्या माहितीत त्याबद्दल ठळक इशारा घालायला लावला. तेव्हा लक्षणं वाढत असतील, ओसरत नसतील, चेहरा किंवा जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, अंगभर पित्त उठलं, चक्कर येऊन पडल्यासारखं झालं, तर थांबायचं नाही, तातडीची मदत बोलवायची. पहिल्यांदाच असं काही झालं असेल तर ओसरलं तरीही, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचं इंजेक्शन घेऊ नका. घरात कोणी नसताना टोचायची वेळ शक्यतो ठेवू नये, ती यासाठीच.

ऑफाटुमुमॅबचा त्रास बहुतेक पहिल्याच इंजेक्शनाला होतो: चोवीस तासांच्या आत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, थकवा. पुढच्या डोसांना तो सहसा नसतो. तिथे खरं लक्ष संसर्गाकडे. ताप, न थांबणारा खोकला, लघवीची जळजळ अंगावर काढायची नाही, आणि संसर्ग चालू असताना ठरलेला डोस घ्यायचा का ते विचारायचं.

हात धजत नसेल तेव्हा

सगळी तयारी झाली, सुई कातडीपासून बोटभर अंतरावर आहे, आणि हात पुढे जात नाही. भल्याभल्यांचं असं होतं. अशा वेळी मिनिटामागून मिनिट तसंच बसून राहिलं की भीती वाढत जाते. खाली ठेवा, दोन-चार खोल श्वास घ्या, आणि श्वास सोडताना टोचा. सुई दिसणंच नकोसं असेल तर सुई झाकलेला ऑटोइंजेक्टर मागा. एमएसमुळे हात थरथरत असेल किंवा बोटांत जोर नसेल तर घरातल्या एकाला प्रशिक्षणाच्या वेळीच सोबत न्या. टोचणं दुसऱ्याने केलं तरी जागांचा कागद तुम्हीच भरा. आपल्या अंगावर काय चाललं आहे हे आपल्याला ठाऊक असावं.

डोस चुकला, गावाला जायचं आहे

चुकला तर दुप्पट कधीच नाही. बाकी नियम औषधागणिक वेगळा: रेबिफ आणि 40 मिलिग्रॅमचं ग्लॅटिरामर यांत 48 तासांचं अंतर सांभाळायचं, ऑफाटुमुमॅबचा चुकलेला डोस आठवताक्षणी घ्यायचा आणि पुढची महिन्याची तारीख तिथून मोजायची. आपल्या औषधाचा नियम फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा.

विमानात औषध हातातल्या सामानात, कारण खालच्या कप्प्यात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांचं पत्र. थंड पिशवीत बर्फाचा पॅक थेट सिरिंजला लागू देऊ नका. ग्लॅटिरामर 15 ते 30 अंशांत महिनाभर बाहेर राहू शकतं, बाकीच्यांची मुदत कमी-जास्त आहे. माहितीपत्रकात ती लिहिलेली असते.

औषध लागू पडतंय का?

चोवीस तासांहून जास्त टिकलेलं, ताप किंवा संसर्ग नसताना आलेलं नवं लक्षण म्हणजे रिलॅप्सची शंका. ते कळवा. पहिल्या काही महिन्यांत रिलॅप्स आला तर औषध फसलं असं लगेच ठरत नाही, कारण ते पुरतं लागू व्हायला वेळ लागतो. म्हणूनच औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी नवा एमआरआय काढतात आणि पुढच्या सगळ्या एमआरआयची तुलना त्याच्याशी करतात. लक्षण एकही नसताना एमआरआयमध्ये नवे डाग दिसू शकतात, म्हणून ‘मला बरं वाटतंय’ म्हणून ती तारीख पुढे ढकलू नका.

भेटीला जाताना तीन गोष्टी न्या: जागांचा कागद, चुकलेल्या डोसांच्या तारखा जशाच्या तशा, आणि जे काही नवं वाटलं त्याची नोंद. चुकलेले डोस लपवले तर डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, आणि गरज नसताना ते बदललं जातं. खरोखरच बदलायची वेळ आली, डाग वाढले म्हणून किंवा कातडी आता सुई सोसत नाही म्हणून, तर जुनं परस्पर थांबवू नका. शेवटचा डोस कधी, नव्याचा पहिला कधी, मधल्या काळात कोणत्या तपासण्या, हे त्याच भेटीत लिहून घ्या.